कोराडीतली हॉपची फुलं

यंदा थंडी उशिरा आली. डिसेंबर अर्धा सरला तरी पंखे फिरत होते. मग परवा सकाळी दार उघडलं आणि नाकाचा शेंडा गार पडला. समोरच्या रस्त्यावर संत्र्यांची हातगाडी उभी होती, गाडीवाला कानाला मफलर गुंडाळून हात चोळत होता. आतून मनोहरांची हाक आली, "इंदू, माहा करडा स्वेटर कुठं ठेवला वं?" आमच्या घरात हिवाळा असा सुरू होतो. दरवर्षी स्वेटर सापडत नाही, आणि दरवर्षी तो त्यांच्याच उशीखाली निघतो.

नागपूरची थंडी कोरडी. उन्हात बसलं तर पाठ भाजते, दोन हात सरकून सावलीत गेलं की पाय गारठतात. दुपारभर माणसं खाटा ओढत उन्हामागे फिरतात. या थंडीला मला एक वास येतो. तो इतर कुणाला येत नाही, कारण तो हवेत नाहीच. तो मोड आलेल्या सातूचा वास आहे. काकडीसारखा, ओल्या मातीसारखा. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाचा, कोराडीच्या कॉलनीतला.

कोराडीला वीज केंद्राच्या चिमण्या होत्या आणि चिमण्यांच्या पायाशी आमची क्वार्टरं. वारा आमच्याकडे फिरला की वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा हलका थर बसायचा. नव्या नवरीसारखी मी सुरुवातीला दिवसातून दोनदा अंगण झाडायची. नंतर कळलं की राख इथे पाहुणी नाही, घरचीच आहे. मनोहर बॉयलरकडे इंजिनिअर होते. ते मूळ पारशिवनीकडच्या शेतकरी घरातले. मी उमरेडची.

माझे वडील विणकर होते. आमच्या घरात माग होता, पण माझ्या आठवणीत तो क्वचितच चालू असायचा. वडील आठवतात ते संध्याकाळचेच. उंबरठ्याला अडखळणारे, आवाज चढलेले, ताट लाथाडणारे. मी शाळेत असतानाच ते गेले. त्यानंतर आईनं दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून आम्हाला वाढवलं. घरात वडिलांचा फोटो नव्हता. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नसे, बोललंच तर आई एवढंच म्हणे, "दारुड्या होता, गेला."

म्हणून मला मागणी आली तेव्हा आईनं पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. मनोहरांच्या काकांना तिनं एकच विचारलं, "पोरगा पेते काय?"

काका हसले. "बाई, सुपारी खात नाही तो."

लग्न झालं आणि काही महिन्यांत मनोहरांना प्रशिक्षणासाठी विलायतेला पाठवलं, जवळजवळ वर्षभरासाठी. आम्ही एकमेकांना पुरते ओळखतही नव्हतो. ते परत आले तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. भेटायला आलेले सगळे जेवून पांगले आणि दुपारी आम्ही दोघंच उरलो. त्यांनी ट्रंक उघडली. माझ्यासाठी मऊ लोकरीची शाल निघाली, त्यांचा तो करडा स्वेटर निघाला, आणि तळाशी एक कापडी पिशवी होती, उशीएवढी फुगलेली. तिला हात लावला आणि ते थांबले.

"तुले एक सांगाचं आहे," ते म्हणाले. "मी तिकडे बिअर प्याले लागलो."

माझ्या हातात घडी केलेली शाल होती. ती मी तशीच धरून उभी राहिले. तोंडातून एकच शब्द निघाला, "किती?"

हा आमच्या उमरेडच्या घरातला प्रश्न होता. आई रोज संध्याकाळी दारात उभी राहून तोच विचारायची. लग्नानंतर तो मी कधी विचारीन असं मला वाटलं नव्हतं.

त्यांनी मला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. ते ज्या गावात राहत होते तिथे हिवाळ्यात दुपारी तीनलाच अंधारून येई. घरमालक एडविन नावाचा म्हातारा होता, रेल्वेतून निवृत्त झालेला, बायको वारलेला. तो घरच्या स्वयंपाकघरात स्वतःची बिअर बनवायचा. तिकडे त्याला बंदी नव्हती. शनिवारी मोठं पातेलं चुलीवर चढलं की काचा वाफेनं धुरकट होत, आणि म्हातारा मनोहरांच्या हातात पळी देऊन म्हणे, ढवळ. "त्या अख्ख्या गावात तेवढी एकच जागा गरम होती, इंदू," ते म्हणाले. "मले प्यायची ओढ नाही. ते स्वयंपाकघर मले इकडे आणाचं होतं."

मग त्यांनी पिशवीचं तोंड सोडलं.

मी श्वास रोखला होता. दारूचा वास मला कुठूनही ओळखू येई. पण पिशवीतून आला तो वास त्याच्या सात गावं लांबचा होता. कापलेल्या गवताचा, दवण्याचा, संत्र्याची साल नखानं दाबल्यावर उडतो तसा काहीसा. आत वाळलेली हिरवट फुलं होती, कागदासारखी हलकी, पाकळीवर पाकळी. एक फूल मी बोटांत चुरडलं तर पिवळी भुकटी सांडली आणि बोटं चिकट झाली. जिभेला लावून पाहिलं तर इतकं कडू की डोळ्यांत पाणी आलं.

"हे हॉप," मनोहर म्हणाले. "बिअर कडू होते ती याच्यानं. अन् वासही याचाच. तू नाही म्हणशीन तर आत्ताच नेऊन फेकतो."

मी हो म्हटलं. का म्हटलं, ते मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. कायद्यानं हे चालत नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. पण आमच्या घरी दारू यायची ती तयार होऊन, धोतराच्या सोग्यात लपून. ती कशापासून होते, तिचं तोंड कसं असतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. जिनं आमचं घर खाल्लं तिला एकदा उजेडात, माझ्या ओट्यावर, माझ्या भांड्यात पाहावं असं मला वाटलं. आणि दुसरं म्हणजे त्यांनी विचारलं होतं. माझ्या आईला कुणी कधी विचारलं नव्हतं.

बिअर होते ती सातूची, म्हणजे जवाची. इतवारीच्या बाजारातून सातू आणला. सालासकटचा हवा होता, त्यालाच मोड नीट येतात. मोड आणणं मला शिकवावं लागलं नाही. मटकी काय, सातू काय. रात्रभर भिजवायचा, उपसून ओल्या गोणपाटावर पसरायचा, दिवसातून दोन-तीनदा हातानं खालीवर करायचा. बारीक पांढऱ्या मुळ्या फुटल्या की घरभर तो काकडीचा वास. मोड दाण्याएवढा झाला की गच्चीवर वाळवण. राख पडू नये म्हणून वरून मनोहरांचं जुनं धोतर अंथरलेलं, चार कोपऱ्यांना विटा.

शेजारच्या वहिनी एकदा गच्चीवर आल्या. धोतराचं टोक उचलून म्हणाल्या, "हे काय वं, काय वाळत घातलं?"

"सातू."

"अव माय, सातूचं पीठ करणार! मले वाटीभर देजो."

खोटं तर मी बोलले नव्हते. पण मग खरंच थोडा सातू भाजून, दळून त्यांना पीठ दिलं. त्यांच्या मुलांना ते इतकं आवडलं की त्या हिवाळ्यात मी दोन कारखाने चालवत होते, एक आमचा आणि एक त्यांचा.

वाळलेला सातू कढईत मंद आचेवर परतायचा, रंग चढू द्यायचा नाही. "रंग आला की ती दुसरी बिअर झाली," मनोहर म्हणत. "आपल्याले फिकी पाहिजे, वाळल्या गवताच्या रंगाची. सातूनं खाली बसाचं, फुलानं वर उभं राहाचं." मग जात्यावर भरडायचा. भरड गरम पाण्यात घालून पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायचं. पाणी उकळतं नको, कोमटही नको. तासाभरानं त्यातला एक थेंब बशीत घेऊन वर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकायचा. निळा-काळा झाला तर अजून पीठ बाकी आहे, पिवळाच राहिला तर सगळ्याची साखर झाली. जखमेवर लावायच्या औषधाचा असा उपयोग मला माहीत नव्हता. बशीत थेंब पिवळा राहिला तेव्हा आम्ही दोघं एकाच वेळी हसलो. लग्नाला दीड वर्ष होत आलं होतं आणि एकत्र हसण्याची ती बहुतेक पहिलीच वेळ.

पंचाईत होती ती फुलांची. पिशवी एकच, संपली की संपली. एडविनकडे फुलांना तोटा नव्हता, त्यामुळे त्याची पद्धत जशीच्या तशी चालणार नव्हती. आमच्या पाण्यासाठी, आमच्या सातूसाठी, एवढ्याशा फुलांसाठी वेगळं गणित मांडायला हवं होतं. पहिल्या खेपेला ते गोड पाणी गाळून चुलीवर चढवलं, मनोहरांनी सगळी फुलं उकळीच्या सुरुवातीलाच टाकली आणि तासभर उकळली. स्वयंपाकघर इतकं दरवळलं की मी खिडक्या लावून घेतल्या. पाणी थंड झाल्यावर बरणीत भरून एडविननं दिलेलं यीस्ट विरजणासारखं घातलं, दोन दिवसांत फेस आला, आठवड्याभरात बिअर निवळली. पण बाटली उघडली तेव्हा वास नाहीच. नुसता कडवटपणा, काढ्यासारखा, घशाला ओरखडणारा.

मनोहर हिरमुसले. मी म्हटलं, "वास येईन कुठून? सगळा त्या दिवशी खिडकीतून शेजाऱ्याइकडे गेला. कोथिंबीर कोणी फोडणीत जाळते काय?"

"मंग?"

"उतरवल्यावर टाका."

दुसऱ्या खेपेला माझं ऐकून सगळी फुलं पातेलं खाली उतरवताना टाकली. वास काय सुंदर आला! बाटलीचं बूच काढलं की खोलीत कुणी दवणा चुरडावा तसा. पण तोंडात घेतली तर गोडमिट्ट. सातूचा गोडवा जिभेवर बसून राहिला, त्याला हाकलायला कडू काही नव्हतंच. म्हणजे मीही निम्मी चुकले होते. कडूपणा उकळल्याशिवाय सुटत नाही आणि वास उकळला की राहत नाही. एकाच फुलाच्या पोटात दोन गोष्टी, आणि दोघींचे स्वभाव उलटे.

मी मधेच सुचवलं, वासासाठी संत्र्याची साल वाळवून घालू या, संत्र्यांना इथे काय तोटा? मनोहर बराच वेळ विचार करून म्हणाले, "नको. मंग ते संत्र्याचं होईन. हे फुलाचंच राहू दे." मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरोबर होतं त्यांचं. एका गोष्टीला तिच्यासारखं राहू देणं सोपं नसतं.

दोन वर्षांपूर्वी नातवानं आम्हाला पुण्यात एका चकचकीत हॉटेलात नेलं. तिथे आता नळानं बिअर मिळते आणि यादीत पेल एल, म्हणजे फिकी बिअर, असं लिहिलेलं असतं. नातू मोठ्या उत्साहानं आजोबांना ती काय असते ते समजावत होता. मनोहरांनी ऐकून घेतलं. ग्लास आला तसा नाकाशी धरला, डोळे मिटले आणि न पिता माझ्याकडे सरकवला. मी वास घेतला. आजूबाजूला गाणी वाजत होती, पोरं-पोरी हसत होत्या, आणि मी गच्चीवर धोतराच्या चार कोपऱ्यांना विटा ठेवत होते.

तिसरी खेप आम्ही घाई न करता केली. पिशवीत उरलेल्या फुलांचे ओट्यावर तीन ढीग मांडले. सगळ्यात लहान ढीग उकळीच्या सुरुवातीला, कडूपणापुरता. मोठा ढीग अगदी शेवटी, पातेलं उतरवताना. आणि मूठभर फुलं राखून ठेवली, बरणीतला फेस बसल्यावर वरून कोरडीच सोडायला. ढिगांतून फुलं इकडून तिकडे करत आमची सकाळ गेली. "हा ढीग जास्त झाला." "नाही, याच्यातलं उचला." एखाद्या मुलीचे दागिने वाटावेत तसे आम्ही बसलो होतो.

बरणीत ही तिसरी बिअर फसफसत होती, तेव्हाच आई आली.

संक्रांतीच्या आधी, उमरेडहून, पिशवीत तीळ आणि ओल्या तुरीच्या शेंगा घेऊन. न कळवता आली, जशी ती नेहमी यायची. मी दार उघडलं. तिचा एक पाय आत होता, एक बाहेर. ती तशीच थांबली.

"घरात दारू आहे," ती म्हणाली.

"आई, आत तर ये."

"कोण पेते?"

मी तिच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिनं आत आलेला पाय मागे घेतला, व्हरांड्यात पिशवी ठेवली आणि पिशवीशेजारी भिंतीला टेकून बसली. पाणी दिलं, घेतलं नाही. चहा केला, निवून गेला. मी समजावायला गेले तर म्हणाली, "तू नको बोलू वं. तुह्या तोंडून मले काही ऐकाचं नाही. बायकाइनं झाकलेलं मी लय पाहिलं."

संध्याकाळी मनोहर ड्यूटीवरून आले. सायकल लावली, आईला वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, "जवाईबापू, तुमच्या घरात दारूचा वास येऊन राहिला."

"हो, आई," ते म्हणाले. "मी बनवतो."

आईनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. वीस वर्षांच्या संसारात तिनं नाना उत्तरं ऐकली होती. मित्रानं पाजली, औषध म्हणून घेतली, वास कुठला, तुला भास होतो. "हो" हे उत्तर तिला पहिल्यांदाच मिळत असावं. ती उठली. मनोहर तिला आत घेऊन गेले, बरणी दाखवली, सातू दाखवला, उरलेल्या फुलांची पिशवी उघडून तिच्यापुढे धरली. तिनं वास घेतला आणि पिशवी परत केली.

"कधी होईन हे तयार?"

"अजून पंधरा-वीस दिवस लागतीन."

"मंग तवरिक मी राहतो," आई म्हणाली. "मले पाहाचं आहे."

काय पाहायचं आहे, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ती राहिली. संक्रांत झाली, तिळगूळ झाला. ती सकाळी उठून बरणीजवळ उकिडवी बसायची. बरणीच्या तोंडातून निघालेली रबरी नळी पाण्याच्या पेल्यात सोडलेली होती, त्यातून बुडबुडे यायचे. ती ऐकत बसे. एकदा म्हणाली, "जित्तं आहे हे." बाटल्या भरल्या तेव्हा बुचांवर सुतळी बांधायला तीच बसली. विणकराच्या घरातली बाई, तिच्या गाठी पाहून मनोहर थक्क झाले. आई मनोहरांशी बोलायची, जेवायला वाढायची, पण तिची नजर त्यांच्यावरून हलत नसे. मला रोज भीती वाटायची. ही बाई त्या बाटल्या एक दिवस फोडून टाकेल, की मला हात धरून उमरेडला नेईल? आणि नेलं तर मी जाईन का? मनोहर हळूहळू माझे होत होते, आणि आई तर माझी होतीच.

रविवारी दुपारी मागच्या अंगणात आम्ही पहिली बाटली उघडली. ऊन पाठीवर होतं. आईनं काचेचाच ग्लास आणायला लावला, "मले रंग दिसला पाहिजे." सुतळी सुटली, बूच फट्कन निघालं, आणि ग्लासात ती उतरली. वाळल्या गवताच्या रंगाची, किंचित गढूळ, वर पांढरा फेस. मनोहरांनी आधी ग्लास माझ्यापुढे धरला. मी एकच घोट घेतला. आधी वास आला, सगळा, उन्हासकट. मग जिभेवर थोडा गोडवा, आणि त्याच्या मागोमाग कडू. हे कडू मुक्कामाला राहणारं नव्हतं. तोंड लख्ख करून निघून गेलं. मी मनोहरांकडे पाहिलं आणि मान हलवली. जमली होती. आमची आम्हाला जमली होती.

"आता तुम्ही प्या," आई म्हणाली. "माह्यासमोर."

 मनोहरांनी हळूहळू प्यायला सुरुवात केली. आई समोर पाटावर बसली होती, चुलीवरच्या दुधावर नजर ठेवावी तशी त्यांच्या चेहऱ्यावर नजर ठेवून. डोळे लाल होतात का, आवाज फिरतो का, हात कुठे जातो.  पलीकडच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक जात होते. ग्लास रिकामा झाला.

"आणखी घ्या."

"नको आई, पुरे."

"बाटलीत आहे ना."

"असू द्या. झालं माझं."

ते उठले, नळावर ग्लास विसळला, पालथा घातला आणि येऊन सकाळी बाजारातून आणलेल्या तुरीच्या शेंगा सोलायला बसले. दाणे एकीकडे, टरफलं एकीकडे. एक शेंग, दुसरी शेंग. आई पाहत होती.  मला वाटलं आता ती हसेल, म्हणेल की बाई, तुझं घर सुखरूप आहे.

"थांबता येते म्हणजे," आई म्हणाली.

ती आमच्याशी बोलत नव्हती. "थांबता येते. मले तो म्हणे, गळ्याखाली गेली का तीच वोढते वं, मी काय करू? अन् मले वाटे, दारूच तशी असते. वीस वर्सं मी दारूले शिव्या घातल्या. दारू तशी नव्हती मंग. तोच तसा होता. त्याले थांबाचंच नव्हतं."

तिचा चेहरा पाहून मी घाबरले. वडील गेले तेव्हाही तो असा झाला नव्हता. तिनं ती अर्धी बाटली उचलली, घट्ट धरली, आणि तिचं काय करावं ते न कळून तशीच धरून बसली.

मनोहरांनी शेंगा खाली ठेवल्या. "आई," ते म्हणाले, "एडविनचा एक भाऊ होता. तोही पिऊन पिऊनच गेला. एडविन मले सांगे, आम्ही दोघं भाऊ एकाच पिंपातली पेत होतो. मी एका ग्लासावर उठत जाय, अन् त्याले उठताच येत नसे. त्यानं लय कोशिश केली, रडला, देवाच्या शपथा घेतल्या. एकाच गोधडीत झोपलेल्या दोन भावाइतून एकाले ताप येते, एकाले येत नाही. मले ती वोढत नाही, आई, एवढंच. त्याच्यात माहा काही मोठेपणा नाही. इंदूच्या बाबाइले वोढत असन."

ही एडविनच्या भावाची गोष्ट त्यांनी मलाही कधी सांगितली नव्हती.

आई म्हणाली, "मंग तो मरतांनी बी मी त्याले शिव्याच देत होती, त्या शिव्याचं काय?"

 तिनं बाटली हळूच खाली ठेवली, आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. मी दारापर्यंत जाऊन परत आले. ऊन उतरलं तेव्हा ती उठली, तोंड धुतलं, सोललेले दाणे पाट्यावर वाटायला घेतले. त्या दिवशीची तिच्या हातची आमटी तिखट होती, नेहमीपेक्षा फार तिखट. आम्ही तिघं नाक पुसत जेवलो.

मी याचा पुष्कळ विचार केला आहे. वडिलांना थांबता येत होतं आणि ते थांबले नाहीत, हे सोसणं सोपं, की त्यांना थांबता येत नव्हतं आणि आम्ही त्यांना समजून घेतलं नाही, हे? आईनं यातलं काय उचललं ते तिनं कधी सांगितलं नाही. माझ्या मनात दोन्ही पारडी अजून खालीवर होतात. पण एवढं खरं की त्या दुपारपर्यंत आमच्या घरात वडील नव्हते, नुसती दारू होती. तिनं सगळी जागा व्यापली होती. त्या अंगणात ती एका काचेच्या ग्लासात मावली, आणि तिच्या मागे कुणी माणूस उभा होता की काय, असं पहिल्यांदा वाटलं.

दोन दिवसांनी आई निघाली. मी तिला कॉलनीच्या स्टॉपवर सोडायला गेले. नागपूरला जाऊन तिथून तिला उमरेडची गाडी पकडायची होती. बस यायला वेळ होता. राखेच्या धुरळ्यात आम्ही दोघी डोक्यावर पदर घेऊन उभ्या होतो. आई एकदम म्हणाली, "तुह्या बापाचा हात लय नाजूक होता. सकाळचा. तुटलेला धागा जोडे तर गाठ कुठं आहे, बोटाले लागत नसे."

 इतक्या वर्षांत वडिलांबद्दल ती असं काही बोलली नव्हती.

"तू झाली तेव्हा," ती रस्त्याकडे पाहत म्हणाली, "त्यानं मागावरचं दुसऱ्याचं काम बाजूले ठेवलं, अन् तुह्यासाठी हातभर लुगडं विणलं. बाहुलीले पुरन एवढंच. लाल काठाचं. काठात बारीक रुईफूल काढलं होतं. मालक दारात येऊन बोंबलून राहिला होता, का माझा माल कुठं आहे, अन् हा आपला खाली मान घालून फूल काढून राहिला."

बस आली. गर्दी होती. मी आईची पिशवी वर चढवली, तिला खिडकीशी जागा मिळाली. मी खालून ओरडले, "आई, ते लुगडं कुठं आहे?" पण इंजिन सुरू झालं होतं. तिला ऐकू गेलं नाही.

आमच्या त्या तिसऱ्या खेपेच्या बाटल्या आम्ही होळीपर्यंत पुरवल्या. मग ऊन तापलं, आणि फुलांची पिशवी तर केव्हाच रिकामी झाली होती. मनोहरांनी पुन्हा कधी बिअर बनवली नाही. एडविन पुढच्या हिवाळ्यात गेल्याचं कळलं, त्या दिवशी त्यांनी रिकामी पिशवी धुऊन गच्चीवर वाळत घातली होती. वास गेला नव्हता.

त्याच वर्षी वैशाखात मी माहेरी गेले तेव्हा सगळ्यात आधी त्या लुगड्याचंच विचारलं. आई अंगणात कांड्या भरत होती. चरख्याचं चाक फिरत होतं.

"ते लुगडं? ते बी त्यानं दारूत घातलं," ती म्हणाली. चाक थांबवलं नाही. थोड्या वेळानं, कांडी भरत आल्यावर, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पण विणलं होतं, बाई. मी पाहिलं आहे."